एक अर्ज, एकच नोंद

परीक्षेचा, शिष्यवृत्तीचा किंवा महाविद्यालयातील प्रवेशाचा अर्ज आता बहुतेक ठिकाणी कागदावर न भरता संगणकाच्या अथवा मोबाइलच्या पडद्यावर भरला जातो. मुदतीचा शेवटचा दिवस असतो. एखादी विद्यार्थिनी नाव, जन्मतारीख, विषय असा सर्व तपशील काळजीपूर्वक भरते आणि ‘सादर करा’ असे लिहिलेले बटण दाबते. पडद्यावर एक लहान चक्र फिरू लागते. एक मिनिट जाते, दोन मिनिटे जातात. चक्र फिरतच राहते. अर्ज पोचला की वाटेतच राहिला, हे समजण्याचा कोणताही मार्ग तिच्यापाशी नसतो. मुदत तर संपत आलेली असते. अखेरीस ती बटण पुन्हा दाबते. दुसऱ्या दिवशी असे आढळते की, तिच्या नावावर दोन अर्ज नोंदले गेले आहेत, त्यांना दोन निरनिराळे क्रमांक मिळाले आहेत आणि शुल्कही दोनदा कापले गेले आहे. यांपैकी खरा अर्ज कोणता, हे ठरवण्यासाठी मग पत्रव्यवहार सुरू होतो. आणि तो संपेपर्यंत तिचा प्रवेश अधांतरी राहतो.

अशा घोटाळ्यास आळा घालण्यासाठी पुष्कळ संकेतस्थळांवर ठळक अक्षरांत एक सूचना दिलेली असते: बटण दुसऱ्यांदा दाबू नये, मागील पानावर जाऊ नये, पान रिफ्रेश करू नये. वरवर पाहता ही सूचना सावधगिरीची वाटते. वस्तुतः ती एक कबुली आहे. यंत्रणेत एक उणीव आहे, ती यंत्रणा उभारणाऱ्यास ठाऊक आहे, आणि तिचे परिणाम मात्र अर्जदाराने टाळावेत, असा तिचा सरळ अर्थ होतो. ही उणीव दूर करण्याचे उपाय नवीन नाहीत, फारसे खर्चिक नाहीत आणि गुप्त तर मुळीच नाहीत. म्हणूनच दुहेरी नोंदीचा दोष बटण दाबणाऱ्या बोटाकडे न जाता यंत्रणा उभारणाऱ्याकडे गेला पाहिजे, हे या पुस्तिकेचे प्रतिपादन आहे.

मागणे आणि देणे

दुहेरी नोंद कशी होते हे समजण्यासाठी ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामधील संभाषणाचे स्वरूप प्रथम पाहिले पाहिजे. ब्राउझर म्हणजे वाचकाच्या यंत्रावरील, पाने मागवून दाखवणारी प्रणाली. सर्व्हर म्हणजे दूर ठेवलेला आणि आलेल्या विनंतीस उत्तर देणारा संगणक. या दोहोंच्या बोलण्याचे नियम एचटीटीपी या नावाने ओळखले जातात. टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली ज्या कल्पनेचा आराखडा मांडला, तिच्यातूनच हे नियम जन्मास आले. १९९१ मधील त्यांच्या पहिल्या रूपात एकाच प्रकारची विनंती होती: अमुक पान द्यावे. तिचे नाव गेट. वाचनालयात जाऊन एखादा ग्रंथ पाहावयास मागावा, तशी ही विनंती असते. तोच ग्रंथ दहा वेळा मागितला आणि दहा वेळा परत ठेवला, तरी कपाटातील ग्रंथसंख्येत काही फरक पडत नाही.

वाचकाने नुसते वाचू नये, तर काही लिहूनही पाठवावे, अशी गरज लवकरच उत्पन्न झाली. १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल २.० या दस्तऐवजात पडद्यावर भरावयाच्या अर्जांचे नियम दिलेले आहेत. आणि १९९६ च्या मे महिन्यातील एचटीटीपी १.० या दस्तऐवजात गेटच्या जोडीस पोस्ट ही विनंती नोंदलेली आहे. पोस्ट म्हणजे ग्रंथ मागणे नव्हे. ते वाचनालयाच्या खिडकीत सभासदत्वाचा अर्ज देणे होय. असा अर्ज घेतला की वाचनालयाच्या वहीत एक ओळ वाढते. तोच अर्ज पुन्हा दिला, आणि कारकुनाने तो डोळे मिटून पुन्हा नोंदला, तर वहीत आणखी एक ओळ वाढते.

मागणे आणि देणे यांमधील हा भेद म्हणजे सर्व विषयाचे मूळ आहे. गेटची पुनरावृत्ती निरुपद्रवी असते. पोस्टची पुनरावृत्ती तशी असेलच, अशी हमी एचटीटीपीच्या नियमांत दिलेली नाही.

ब्राउझरचे स्मरण

आता अर्ज सादर झाल्यानंतर काय घडते ते पाहावे. विद्यार्थिनीने बटण दाबताच ब्राउझर पोस्ट विनंती पाठवतो. सर्व्हर नोंद करतो आणि त्याच विनंतीचे उत्तर म्हणून ‘अर्ज स्वीकारला आहे’ असे पान पाठवतो. ही रचना सर्वांत सोपी असल्यामुळे नवशिक्या प्रोग्रामरच्या हातून ती सहजच होते. पण तिच्यात एक दोष दडलेला असतो. पडद्यावर दिसणारे पान हे कोणत्या विनंतीचे फळ आहे, याची आठवण ब्राउझर ठेवतो. येथे ते पोस्टचे फळ आहे. म्हणून ते पान पुन्हा मागवावयाचे झाल्यास ब्राउझरपुढे एकच मार्ग उरतो: तीच पोस्ट, तोच सर्व मजकूर घेऊन, पुन्हा पाठवणे. विद्यार्थिनी समजते की, आपण केवळ पान पुन्हा पाहत आहोत. प्रत्यक्षात ती अर्ज पुन्हा देत असते.

पान पुन्हा मागवण्याचे प्रसंग काही थोडे नाहीत. पावतीची अक्षरे नीट उमटली नाहीत म्हणून कोणी रिफ्रेश करतो. कोणी पुढच्या पानावर जाऊन पावती पाहण्यासाठी मागे येतो. मोबाइलची स्मृती अपुरी पडल्यास जुने पान टाकून दिले जाते आणि पुन्हा उघडताना ते नव्याने मागवावे लागते. यांपैकी एकाही कृतीत अर्ज दोनदा देण्याचा हेतू नसतो.

ब्राउझर तयार करणाऱ्यांना हा धोका माहीत आहे. म्हणून अशा वेळी ब्राउझर एक प्रश्न विचारतो: पूर्वी पाठवलेली माहिती पुन्हा पाठवावयाची आहे काय? परंतु या प्रश्नाचे योग्य उत्तर देण्यासाठी जे ज्ञान लागते, ते विचारणाऱ्यापाशी नाही आणि ज्याला विचारले त्याच्यापाशीही नाही. पहिला अर्ज नोंदला गेला की नाही, हे फक्त सर्व्हरला ठाऊक असते. ‘होय’ म्हणावे तर दोन अर्ज होण्याची भीती. ‘नाही’ म्हणावे तर एकही अर्ज नसण्याची भीती. ज्या प्रश्नाचे उत्तर देणे मनुष्यास शक्यच नाही, तो त्याच्यापुढे टाकून त्याच्या उत्तराबद्दल त्यालाच जबाबदार धरणे न्यायाचे नाही.

खिडकीवरील कारकून

जुन्या सरकारी कचेरीतील आवक विभागाची रीत येथे आठवण्यासारखी आहे. खिडकीवरील कारकून अर्ज घेतो, आवक नोंदवहीत त्याची नोंद करतो, त्यावर क्रमांक व शिक्का उमटवतो आणि अर्जदारास सांगतो: अमुक क्रमांक लक्षात ठेवावा आणि पुढील चौकशी पलीकडच्या खिडकीवर करावी. अर्जदार पलीकडच्या खिडकीवर जातो. तेथे तो दिवसातून पाच वेळा गेला आणि पाच वेळा ‘माझ्या अर्जाचे काय झाले?’ असे विचारले, तरी नवीन अर्ज दाखल होत नाही, कारण त्या खिडकीवर अर्ज घेतलेच जात नाहीत.

सर्व्हरनेही नेमके हेच करावयाचे असते. पोस्ट आली की नोंद पूर्ण करावी, आणि तिचे उत्तर म्हणून पान न पाठवता एक छोटा आदेश पाठवावा: अमुक पत्त्यावर पाहावे. या आदेशाचा क्रमांक ३०३ असा आहे. तो मिळताच ब्राउझर वाचकास काही न विचारता त्या पत्त्यावर जातो, आणि जाताना तो गेट ही विनंती करतो. पावतीचे पान आता गेटचे फळ ठरते. ते शंभर वेळा रिफ्रेश केले, तरी दर वेळी केवळ पावती मागितली जाते. अर्ज दिला जात नाही. ब्राउझरचा तो अवघड प्रश्नही मग उपस्थित होत नाही. या रीतीस पुनर्निर्देशन असे म्हणतात, आणि पोस्ट, पुनर्निर्देशन व गेट हा तिचा क्रम आहे.

ही रीत पाळताना तीन गोष्टींचे भान ठेवावे लागते. पहिली अशी की, नोंद निश्चित झाल्यावाचून पुनर्निर्देशन करू नये. वहीत ओळ उमटण्यापूर्वीच पोचपावती देणारा कारकून अर्जदाराची फसवणूक करतो. दुसरी गोष्ट, अर्जात चूक असेल, उदाहरणार्थ जन्मतारीख राहून गेली असेल, तर भरलेला मजकूर जसाच्या तसा ठेवून अर्ज परत दाखवावा. अशा वेळी काहीच नोंदले गेलेले नसल्याने दुहेरी नोंदीचा प्रश्न उद्भवत नाही. तिसरी गोष्ट, पावतीच्या पत्त्यात अर्जाचा क्रमांक असावा, म्हणजे तीच पावती उद्याही उघडता येईल. परंतु ती दाखवण्यापूर्वी मागणारा मनुष्य खरा अर्जदारच आहे, याची खात्री सर्व्हरने केली पाहिजे. नाहीतर पत्त्यातील एक आकडा बदलून कोणालाही दुसऱ्याचा अर्ज वाचता येईल. एक दोष काढताना त्याहून मोठा दोष घरात घेणे शहाणपणाचे नव्हे.

एका क्रमांकाचा इतिहास

३०३ हा क्रमांक कसा आला, याची हकीकत बोधप्रद आहे. एचटीटीपी १.० मध्ये ३०२ हा आदेश होता. पान तात्पुरते दुसरीकडे गेले आहे, असा त्याचा अर्थ. पोस्टच्या उत्तरात ३०२ आल्यास ब्राउझरने विनंतीचा प्रकार न बदलता, म्हणजे पोस्टच, नव्या पत्त्यावर न्यावी, असा नियमाचा रोख होता. व्यवहारात मात्र अनेक ब्राउझर नव्या पत्त्यावर गेट करीत, आणि सर्व्हर चालवणाऱ्यांना तेच सोयीचे वाटे. नियम एक सांगत होता आणि चालरीत दुसरीच पडली होती.

१९९७ च्या जानेवारीत एचटीटीपी १.१ चा पहिला दस्तऐवज प्रसिद्ध झाला, तेव्हा चालरीतीस स्वतंत्र क्रमांक देण्यात आला. ‘दुसऱ्या पत्त्यावर गेट करून पाहावे’ हाच ३०३ चा अर्थ होय. पुढे १९९९ च्या सुधारित आवृत्तीत ३०७ हा क्रमांक आला. विनंतीचा प्रकार न बदलता ती दुसरीकडे न्यावी, असा त्याचा अर्थ आहे. अशा रीतीने एकाच शब्दाच्या दोन अर्थांना दोन शब्द मिळाले आणि संदिग्धता संपली. २००४ साली मायकेल जौरावलेव्ह यांनी एका लेखात ‘पोस्टनंतर पुनर्निर्देशन’ ही रीत तपशीलवार मांडली, आणि तेव्हापासून ती संकेतस्थळे रचणाऱ्यांच्या नित्य परिचयाची झाली आहे. हा क्रमांक नियमात येऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. तेव्हा उपाय माहीत नव्हता, ही सबब आज कोणासही सांगता येणार नाही.

जेथे पुनर्निर्देशन अपुरे पडते

तथापि पुनर्निर्देशन केले म्हणजे सर्व संकट टळले, असे मानणे चुकीचे ठरेल. आणि दुर्दैवाने तसे मानणारे पुष्कळ आहेत. पुनर्निर्देशनाचा आदेश ब्राउझरच्या हाती पडल्यानंतरच त्याचे संरक्षण सुरू होते. प्रारंभी वर्णन केलेली विद्यार्थिनी तर त्यापूर्वीच्याच क्षणी अडकलेली होती. चक्र फिरत होते, उत्तर आलेले नव्हते, आणि तिने बटण पुन्हा दाबले. त्या वेळी दोन स्वतंत्र पोस्ट विनंत्या सर्व्हरकडे गेल्या. सर्व्हरने दोहोंना निष्ठेने ३०३ असे उत्तर दिले, तरी वहीत ओळी दोनच पडणार.

येथे संगणकशास्त्रातील एक मूलभूत मर्यादा आड येते. विनंती पाठवली आणि उत्तर आले नाही, तर दोन शक्यता असतात: विनंतीच वाटेत हरवली असेल, किंवा विनंती पोचून उत्तर हरवले असेल. पाठवणाऱ्यास हा भेद कळू शकत नाही. अक्कोयुन्लू, एकनाधम आणि ह्यूबर या तीन संशोधकांनी १९७५ साली हा प्रश्न एका कथेच्या रूपाने मांडला, आणि १९७८ साली जिम ग्रे यांनी त्यास दोन सेनापतींचे नाव दिले. दोन टेकड्यांवर दोन मित्र सेनापती आहेत. मधल्या दरीत शत्रू आहे. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जय मिळेल. निरोप्यास दरीतूनच जावे लागते आणि तो केव्हाही पकडला जाऊ शकतो. पहिल्याने वेळ कळवली, तरी ती पोचली की नाही, ही शंका राहते. दुसऱ्याने पोच पाठवली, तर ती पोच पोचली की नाही, ही त्याला शंका. पोचेची पोच, तिचीही पोच, असे कितीही निरोप पाठवले, तरी शेवटच्या निरोपाची शंका उरतेच. बेभरवशाच्या मार्गावरून पूर्ण निश्चिती मिळवणे अशक्य आहे, हे सिद्ध करता येते.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. अनिश्चितता नाहीशी करता येत नसेल, तर अर्जदार पुन्हा प्रयत्न करणारच. तो त्याचा उतावीळपणा नव्हे. उपलब्ध माहितीवरून केलेली ती समंजस कृती होय. जेरोम सॉल्टझर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क यांनी १९८१ साली प्रथम मांडलेल्या व १९८४ साली विस्ताराने प्रसिद्ध केलेल्या निबंधात हाच मुद्दा आहे. संदेशवहनाच्या जाळ्याने आपल्या परीने दुहेरी संदेश गाळले, तरी उत्तर न मिळाल्याने गोंधळलेला मनुष्य स्वतःच नवी विनंती करतो, आणि जाळ्याच्या दृष्टीने ती अगदी वेगळी विनंती असते. म्हणून पुनरावृत्ती ओळखण्याचे काम अखेर नोंद करणाऱ्या प्रणालीनेच केले पाहिजे. पुनरावृत्ती थांबवणे हे साध्य नव्हे. पुनरावृत्ती निरुपद्रवी करणे हे साध्य होय.

अर्जाचा जन्मक्रमांक

गणितात या गुणधर्मास एक नाव आहे. अमेरिकन गणिती बेंजामिन पर्स यांनी १८७० साली ज्या अर्थाने ते नाव योजले, तो शाळेतील विद्यार्थ्यासही सहज कळेल. एकला एकने गुणले तर एकच येतो. शून्यास शून्याने गुणले तर शून्यच येते. क्रिया पुन्हा केली तरी फळ बदलत नाही. दोनाचे तसे नाही. दोनाचे चार होतात, चारांचे सोळा होतात. व्यवहारात पाहावयाचे तर उद्वाहनाचे, म्हणजे लिफ्टचे बटण एकदा दाबले काय आणि पाचदा दाबले काय, लिफ्ट एकदाच येते. दारावरील घंटा मात्र जितक्या वेळा दाबावी तितक्या वेळा वाजते. सादर करण्याचे बटण हे लिफ्टच्या बटणासारखे असले पाहिजे. ते घंटेसारखे असता कामा नये.

हे साधण्याची रीत बँकेच्या धनादेशात पूर्वीपासून आहे. धनादेशावर त्याचा क्रमांक आधीच छापलेला असतो. तो वटवला गेला की त्याच क्रमांकावर पुन्हा पैसे दिले जात नाहीत. क्रमांक वटवण्याच्या वेळी पडत नाही, तर पुस्तक छापतानाच पडतो, यातच त्याचे मर्म आहे. पडद्यावरील अर्जाचेही असेच करावे. कोरा अर्ज विद्यार्थिनीस दाखवतानाच सर्व्हरने त्यात एक क्रमांक, कोणास तर्काने ओळखता येणार नाही असा, गुप्तपणे घालून ठेवावा. अर्ज कितीही वेळा पाठवला गेला, तरी तो त्याच क्रमांकासह येतो. पहिल्या वेळी नोंद करावी. पुढच्या प्रत्येक वेळी नवी नोंद न करता पहिलीच पावती पुन्हा द्यावी.

पुष्कळ नोंदसंग्रहांत नेमके उलट घडते, आणि म्हणूनच ते दुहेरी नोंद ओळखू शकत नाहीत. एडगर कॉड यांनी १९७० साली नोंदसंग्रहाचे जे गणिती प्रतिरूप मांडले, त्यात प्रत्येक ओळ वेगळी असावी आणि ती एखाद्या खुणेने अनन्यपणे ओळखता यावी, असे तत्त्व आहे. परंतु प्रत्येक आलेल्या अर्जास यंत्राने आपोआप पुढचा क्रमांक दिला, तर एकाच अर्जाच्या दोन प्रतींना दोन क्रमांक मिळतात आणि त्या कागदोपत्री दोन वेगळ्या ओळी ठरतात. तत्त्वाचे अक्षर पाळले जाते आणि अर्थ हरवतो.

जन्मक्रमांक अनन्य असावा, हा निर्बंध नोंदसंग्रहातच घातला पाहिजे. ‘हा क्रमांक पूर्वी आला आहे काय ते पाहावे, आला नसेल तर नोंद करावी’ अशी दोन पायऱ्यांची रीत पुरेशी नसते. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या, तर दोघींनाही क्रमांक आढळत नाही आणि दोघींचीही नोंद होते. पाहणे आणि नोंदणे ही एकच अखंड क्रिया असावी लागते, आणि ती घडवून आणणे हे नोंदसंग्रहाच्या प्रणालींचे नेहमीचेच काम आहे. निर्बंधामुळे दुसरी विनंती नाकारली गेली, तरी विद्यार्थिनीस ‘चूक झाली’ असे दाखवू नये. तिच्या दृष्टीने काहीच चुकलेले नाही. तिला तिची पावती दाखवावी.

बटण एकदा दाबताच ते मंद करून ठेवावे, म्हणजे दुसऱ्यांदा दाबता येणार नाही, हाही एक उपाय सांगितला जातो. तो सोयीचा आहे आणि करावाही. परंतु पान नव्याने उघडले की बटण पुन्हा जिवंत होते. दारावरील पडदा म्हणजे कुलूप नव्हे.

आक्षेपांचा विचार

या प्रतिपादनावर काही आक्षेप घेतले जातात. लोकांनी धीर धरावा, हा पहिला. धीर धरण्यास किती वेळ, हे मात्र कोणी सांगत नाही. ज्या यंत्रणेकडे अर्ज पोचला की नाही हे सांगण्याची सोय नाही, तिने धीराची अपेक्षा करणे उचित नव्हे.

पुनर्निर्देशनामुळे एक फेरी वाढते आणि मंद गतीच्या जोडणीवर वेळ लागतो, हा दुसरा आक्षेप होय. यात तथ्य आहे. परंतु ही फेरी अर्जामागे एकदाच पडते. तिच्या अभावी पडणारा पत्रव्यवहार महिनाभर चालतो.

तिसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. दुहेरी नोंदी मागाहून शोधून काढता येतात, मग आधी एवढी दक्षता कशास? नाव, जन्मतारीख व पत्ता जुळला की एक ओळ खोडावी, इतके हे सोपे वाटते. परंतु जुळ्या भावंडांचे काय? त्यांचे आडनाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, पत्ता, शाळा, दूरध्वनी क्रमांक असे सर्व एक असते; भेद असतो तो केवळ एका नावाचा, आणि तोही एखाद्या अक्षरापुरताच असू शकतो. साम्यावरून खोडणारी यंत्रणा यांपैकी एका मुलाचा अर्ज निष्कारण नष्ट करील. एखाद्या गृहस्थाने एकाच प्रवासाची दोन तिकिटे खरोखरच हेतुपूर्वक काढली असतील. दोन सारख्या नोंदी ही चूक आहे की इच्छा, हे नोंदींकडे पाहून कधीही सांगता येत नाही. जन्मक्रमांकाने मात्र ते सांगता येते, कारण तो माणसाचे वर्णन करीत नाही; तो त्या एका कृतीस ओळखतो. दोन तिकिटांसाठी दोन कोरे अर्ज उघडले जातात आणि त्यांचे क्रमांक दोन असतात. एकच अर्ज दोनदा पाठवला, तर क्रमांक एकच राहतो.

आता अनेक संकेतस्थळे सबंध पान न बदलता पडद्यामागून माहिती पाठवतात, तेव्हा हा प्रश्नच उरलेला नाही, असे काही जण म्हणतात. अशा रचनेत रिफ्रेशचा धोका कमी होतो, हे खरे. हरवलेल्या उत्तराचा धोका मात्र तसाच राहतो. किंबहुना उत्तर न आल्यास प्रोग्राम स्वतःच पुन्हा प्रयत्न करू लागला, तर तो वाढतो. जन्मक्रमांकाची गरज तेथेही संपत नाही.

भार कोणी वाहावा

पैशाच्या व्यवहारात या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहिले गेले आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी काढलेल्या परिपत्रकात अयशस्वी व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या. खात्यातून रक्कम गेली पण पलीकडे पोचली नाही, अशा अनेक प्रकारच्या व्यवहारांत ठरलेल्या मुदतीत रक्कम आपोआप परत करावी, आणि विलंब झाल्यास दर दिवसास १०० रुपये भरपाई द्यावी. ग्राहकाच्या तक्रारीची वाट पाहू नये, असे त्यात सांगितले आहे. हे परिपत्रक दुहेरी अर्जांसंबंधी नाही. परंतु त्यामागील तत्त्व येथेही तितकेच लागू पडते: अनिश्चिततेचा भार तिच्यावर उपाय करू शकणाऱ्याने वाहावा, तिच्यापुढे हतबल असणाऱ्याने नव्हे.

अर्ज हा पैशाहून कमी मोलाचा नाही. शिष्यवृत्तीच्या यादीतून दुहेरी अर्ज म्हणून एखादे नाव वगळले गेले, तर त्या चुकीची किंमत रुपयांत मोजता येत नाही. ज्याच्या हाती वेगवान जोडणी आणि नवे यंत्र आहे, त्याचे चक्र क्षणभर फिरून थांबते. ज्या मुलीस उसन्या मोबाइलवर, खेड्याबाहेरच्या टेकडीवर जाऊन अर्ज भरावा लागतो, तिचे चक्र फिरत राहते आणि तिच्याच नावावर दोन नोंदी पडतात. म्हणजे सदोष रचनेचा दंड सर्वांना सारखा बसत नाही. तो आधीच अडचणीत असलेल्यास अधिक बसतो. हा तांत्रिक प्रश्न सार्वजनिक न्यायाचा प्रश्न बनतो, तो येथे.

म्हणून सार्वजनिक संस्थांनी अर्जाची यंत्रणा स्वीकारताना ती बांधणाऱ्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत. पावतीचे पान रिफ्रेश केले, तर काय होते? बटण लागोपाठ दोनदा दाबले, तर किती नोंदी पडतात? नोंद झाली पण उत्तर वाटेत हरवले आणि अर्जदाराने पुन्हा पाठवले, तर त्यास काय दिसते? या तिहींची परीक्षा काही मिनिटांत, प्रयोगासाठी ठेवलेल्या यंत्रणेवर करता येते. शाळेच्या ग्रंथालयासाठी लहानसे संकेतस्थळ रचणाऱ्या विद्यार्थ्यांनीही आपल्या कामास हीच कसोटी लावून पाहावी. प्रथम पुनर्निर्देशनाशिवाय, मग पुनर्निर्देशनासह, आणि अखेर जन्मक्रमांकासह नोंदी घेऊन वहीतील ओळी मोजाव्यात. एवढा एक प्रयोग या विषयाचे मर्म पुरते उलगडून दाखवील.

ज्या दिवशी या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळतील, त्या दिवशी ‘बटण पुन्हा दाबू नये’ ही सूचना काढून टाकता येईल. तिच्या जागी दुसरे वाक्य लिहावे: अर्ज पोचला की नाही अशी शंका वाटल्यास बटण खुशाल पुन्हा दाबावे; नोंद एकच होईल.